भेंडी भाजीतली की झाडाची? मशीद ते पायधुणी : एका पायी फेरीचा अनुभव

माणशी नऊशे रुपये, तीन तासांची पायपीट आणि शेवटी कटिंग चहाबरोबर एक नानखटाई. मुंबईतल्या मशीद स्थानकापासून पायधुणीपर्यंतच्या वस्त्यांना त्यांची नावे कशी पडली, हे चालता चालता सांगणाऱ्या एका फेरीसाठी गेल्या महिन्यात मी हा खर्च केला. फेरी काढणाऱ्या संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला ज्या दोन गोष्टी खटकल्या त्या एकट्या या संस्थेच्या नाहीत. आजवर केलेल्या अशा चार-पाच फेऱ्यांत त्या मला थोड्याफार फरकाने आढळल्या आहेत. ही संस्था एरवी इंग्रजीतून फिरवते आणि मराठी फेरी महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी असते. जाहिरातीतले मुख्य आकर्षण अर्थातच भेंडी बाजार होते. ‘भेंडी बाजाराला भेंडी कुणी दिली?’ असा प्रश्न वर मोठ्या अक्षरांत विचारून खाली पैसे भरण्याची सोय केलेली होती. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले. शब्द उसवून त्याच्या पोटात काय आहे ते पाहण्याची खोड निवृत्तीनंतरही जात नाही, तेव्हा त्या प्रश्नाला मी लगेच बळी पडलो.

सकाळी साडेसातला मशीद स्थानकाबाहेर आम्ही चौदा जण जमलो. मार्गदर्शक म्हणून आलेली तिशीतली तरुणी इतिहासाची विद्यार्थिनी होती. तिने गळ्यात ध्वनिवर्धक अडकवला नव्हता आणि हातगाड्यांच्या खडखडाटातही तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता, याचे श्रेय तिला आधीच देऊन टाकतो. पहिलाच प्रश्न तिने असा टाकला, की ज्या मशिदीवरून या स्थानकाचे नाव पडले ती मशीद कोणती? आमच्यापैकी निम्म्यांनी जवळच्या मनोऱ्याकडे बोट केले. काही न बोलता ती आम्हांला सॅम्युअल स्ट्रीटवर घेऊन गेली आणि ज्या इमारतीसमोर तिने आम्हांला उभे केले ते यहुद्यांचे प्रार्थनामंदिर होते.

हा भाग या फेरीतला सर्वोत्तम भाग आहे. कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल समाजाची भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली, धंदा पूर्वी तेलाच्या घाण्याचा; शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. याच समाजातले सॅम्युअल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतले हे पहिले यहुदी प्रार्थनामंदिर उभारले. त्याचे हिब्रू नाव ‘शार हाराहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. परंतु बेने इस्रायल लोक आपल्या मराठीत प्रार्थनास्थळाला ‘मशीद’च म्हणत आणि हिला पुढे ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. स्थानकाचे नाव या मशिदीवरून पडले, आणि रस्त्याचे नाव ती बांधणाऱ्या सॅम्युअलवरून. रोज लाखो लोक ज्या नावाची उद्घोषणा ऐकतात, त्या नावामागे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा एक घरगुती शब्द उभा आहे, हे मार्गदर्शिकेने कोणताही नाट्यमय आव न आणता सांगितले. फाटक बंद असल्यामुळे आत जाता आले नाही; तशी कल्पना नोंदणी करतानाच दिलेली होती, त्यामुळे तक्रार नाही.

तिथून डोंगरी. डोंगरीत आज डोंगर शोधून सापडत नाही, आणि बाईंनी तो शोधायलाच लावला. रस्ता कोठे चढतो आणि कोठे उतरतो हे पायांना विचारा, असे ती म्हणाली. टेकडीवर एके काळी किल्ला होता, आणि त्या उंचीवरून इंग्रजांचा कोट, म्हणजे तटबंदीच्या आतले त्यांचे शहर, थेट माऱ्यात येत असल्यामुळे अठराव्या शतकात इंग्रजांनीच तो किल्ला पाडून टाकला. टेकडी गेली, नाव तेवढे राहिले. इथेच तिने एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक असूनही पुन्हा ऐकावीशी वाटली. डोंगरीच्या आसपास विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड ‘डोंगरी’ म्हणून ओळखले जाई. तो शब्द जहाजांवरून विलायतेला गेला आणि खलाशांच्या व कामगारांच्या विजारींना तिकडे ‘डंगरी’ हे नाव पडले. आज आपल्याकडची मुले मॉलमध्ये ‘डंगरीज’ मागतात, तेव्हा आपण आपलाच शब्द चढ्या भावाने परत विकत घेत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

डोंगरीच्या तुरुंगाचा उल्लेख झाला. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर केलेल्या टीकेपायी टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये येथे एकशे एक दिवस राहिले. मराठी फेरीत यावर चार वाक्ये अधिक आली असती तर बरे झाले असते. इंग्रजी फेरीचा मजकूर तसाच मराठीत उतरवला की अशा जागा सुटतात. इमामवाडा रस्त्यावरची १८६० सालची इराणी मशीद, जिला लोक मुघल मशीद म्हणतात, ती मात्र सर्वांनी पोटभर पाहिली. निळ्या-हिरव्या फरश्यांनी मढवलेल्या त्या दर्शनी भागासमोर छायाचित्रांसाठी वीस मिनिटे गेली. नावांच्या फेरीत एवढा वेळ कशाला, असे मला वाटले. इतरांना वाटले नाही.

उमरखाडीचा अर्थ तिने नावाची फोड करूनच सांगितला. उंबर आणि खाडी. म्हणजे उंबराच्या झाडाजवळची खाडी. आणि खाडी कसली, तर मुंबई बेट आणि माझगाव बेट यांच्यामध्ये शिरणाऱ्या समुद्राच्या पाण्याची. आम्ही ज्या डांबरावर उभे होतो तिथून पूर्वी भरतीचे पाणी जात असे, हे सांगताना तिने हाताने पाण्याची वाट दाखवली आणि समोरून आलेल्या टेम्पोने हॉर्न वाजवून ती मोकळी करून घेतली.

आता भेंडी बाजार, आणि माझी मुख्य तक्रार.

मोहम्मद अली रस्त्यालगत, उड्डाणपुलाच्या सावलीत आम्हांला थांबवून मार्गदर्शिकेने आधी भाजीचा समज खोडून काढला. बहुतेकांना वाटते की येथे भेंडीची भाजी विकली जात असावी. तसे काही नाही. इथवर ठीक. नंतर तिने विजयी मुद्रेने खरे उत्तर म्हणून सांगितले, की कोटात राहणारे इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडच्या या वस्तीला ‘बिहाइंड द बाजार’ म्हणत आणि त्याचा स्थानिक लोकांच्या तोंडी ‘भेंडी बाजार’ झाला. लोक हसले, कोणीतरी टाळीही वाजवली. जाहिरातीतल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हीच गोष्ट विकली गेली होती, हे तेव्हा लक्षात आले. शेवटी, जाता जाता, ‘काही लोक येथे भेंडीची झाडे होती असेही म्हणतात’ असे एक वाक्य तिने जोडले आणि ती पुढे निघाली.

माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा होता. १९०९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई शहराच्या सरकारी गॅझेटियरने हे नाव भेंडीच्या झाडांच्या रांगेवरूनच सांगितले आहे, आणि ते लिहिणारे स्वतः इंग्रज अधिकारी होते. नाव आपल्या भाषेतून आले असते तर तसे सांगायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. पण गॅझेटियर बाजूला ठेवले तरी साधा तर्क पुरेसा आहे. एक तर, नाव पाडतात ते त्या जागी राहणारे आणि तेथे रोज येणारे-जाणारे लोक. ‘मागे’ हा शब्द कोटात बसलेल्या माणसाच्या नजरेतला आहे. भेंडी बाजारात राहणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे घर कशाच्याही मागे नसते. दुसरे असे, की इंग्रजीतून जी नावे मुंबईच्या तोंडी रुळली ती सगळी धडधडीत नामे आहेत: क्रॉफर्ड मार्केट, लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड. कुठल्या तरी वाक्याचा तुकडा उचलून त्याचे वस्तीचे नाव झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही, आणि मार्गदर्शिकेलाही आठवले नाही. मी विचारले होते. शिवाय ‘बाजाराच्या मागे’ असे म्हटले तर बाजार दुसरीकडचा ठरतो, मग त्याच्या मागच्या वस्तीलाच बाजार म्हणण्याचे कारण काय?

सर्वांत मोठा पुरावा मात्र आम्ही दहा मिनिटांपूर्वी पायांखाली घालून आलो होतो. उमरखाडीत उंबर आहे. जवळच चिंचबंदर आहे. थोडे पुढे गेले की फणसवाडी, ताडवाडी, चिंचपोकळी. वडाळ्यात वड आणि भायखळ्यात बहावा पाहणारेही अभ्यासक आहेत. या बेटावरच्या लोकांनी जागा ओळखण्यासाठी झाडाचा आधार घेतला, ही येथील नावांची जुनी रीत आहे. त्या रांगेत भेंडी निमूटपणे जाऊन बसते. तिला ओढून काढून इंग्रजाच्या तोंडात कोंबण्याची गरजच काय? मघाशी डोंगरीत जी बाई मराठी शब्द विलायतेला कसा गेला ते इतक्या सुरेख रीतीने सांगत होती, तीच येथे येऊन आपल्या झाडाला इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश ठरवत होती, याचे मला जास्त वाईट वाटले.

हे सगळे मी तेथे बोललो नाही. बोलल्या त्या आमच्याबरोबर आलेल्या अलिबागकडच्या एक काकू, आणि त्यांनी एका मिनिटात माझ्यापेक्षा चांगले काम केले. ‘अगो, भेंडीचं झाड तू पाहिलं नाहीस का?’ असे त्यांनी मार्गदर्शिकेला विचारले. नाही, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. काकूंनी मोबाइल काढला, बराच वेळ बोटाने छायाचित्रे सरकवली आणि आपल्या वाडीच्या कुंपणावरचे झाड दाखवले. पिंपळासारखे हृदयाकृती पान, पण टोकाची शेपटी आखूड. म्हणूनच या झाडाला परसपिंपळ असेही म्हणतात. फूल भाजीच्या भेंडीच्या फुलासारखेच, फिकट पिवळे, आत गडद लाल डाग असलेले. सकाळी उमलताना पिवळे असते आणि संध्याकाळपर्यंत कोमेजत लालसर होते. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या असल्यामुळे नावही सामायिक झाले आहे, आणि भाजीचा घोटाळा त्यातूनच होतो. फांदी तोडून रोवली की ती धरते, खारे वारे तिला मानवतात, म्हणून समुद्राकाठच्या वाड्यांना भेंडीचे कुंपण करीत. ‘आम्ही पानाची पिपाणी करून वाजवायचो,’ असे काकू म्हणाल्या आणि ओठ चिमटून तो आवाज कसा येई तेही त्यांनी करून दाखवले. मोहम्मद अली रस्त्यावर सकाळी नऊला एक आजी पिपाणीचा आवाज काढत होत्या आणि शेजारचा अत्तरवाला दुकान उघडता उघडता थांबून ऐकत होता. नऊशे रुपयांतले निदान दोनशे तेथे वसूल झाले.

मार्गदर्शिकेचा मोठेपणा हा, की ती कानकोंडी झाली नाही. ‘काकू, हा फोटो मला पाठवाल का? पुढच्या फेरीत दाखवीन,’ असे तिने लगेच म्हटले. पण संस्थेने आपला मजकूर एकदा तपासून घेणे हा यावरचा खरा उपाय आहे. सहभागी मंडळींच्या मोबाइलमध्ये दर वेळी भेंडीचे झाड असेलच असे नाही. आम्ही चाललो त्या वाटेवर मला एकही दिसले नाही. सुमारे साडेसोळा एकरांवर पसरलेल्या या मोहल्ल्याचा पुनर्विकास सैफी बुऱ्हाणी न्यासाने हाती घेतला आहे आणि जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. त्यांच्या आवारात कोणती झाडे लावावीत हे ठरवणाऱ्यांना कोणी तरी हे नाव ऐकवावे, एवढेच सुचवतो.

येथे एक विषय फार घाईने उरकला गेला. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे मुरादाबादकडचे तीन गायक बंधू या वस्तीत येऊन राहिले आणि त्यांच्या गायकीला भेंडी बाजार घराणे हेच नाव पडले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांच्या शिष्या, आणि छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर काही काळ शिकल्या. म्हणजे एका झाडाचे नाव रस्त्याला, रस्त्याचे मोहल्ल्याला आणि मोहल्ल्याचे गाण्याला लागले. बरीचशी घराणी आपल्या मूळ गावाचे नाव लावतात; या भावांनी मात्र भाड्याच्या मुक्कामाचे लावले. यावर मार्गदर्शिकेने दोनच मिनिटे दिली आणि ध्वनिमुद्रणाचा तुकडाही ऐकवला नाही. मशिदीसमोरच्या छायाचित्रांतली दहा मिनिटे इकडे वळवता आली असती.

चोर बाजाराकडे फक्त हात करून ती म्हणाली, की मूळ नाव ‘शोर बाजार’ आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला. म्हणजे पुन्हा इंग्रजाचेच तोंड! ही कथाही सर्वत्र सांगितली जाते, पण जो इंग्रज ‘शॉप’ आणि ‘शिप’ म्हणतो त्याला ‘श’ उच्चारता येत नव्हता यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. मट्टन स्ट्रीटवर जुना माल घेताना तो कोठून आला हे विचारायचे नसते, हा खुलासा तिथल्या गिऱ्हाइकांना पुरेसा वाटत आला आहे.

फेरीचा शेवट पायधुणीला झाला. हा शेवट चांगला योजलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत शिरत असे, आणि १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध पुरा होईपर्यंत बेटांमधला सखल भाग भरतीला पाण्याखाली जाई. माझगावकडून चिखल तुडवत मुंबई बेटावर येणारा माणूस येथे पाय धुऊन पुढे जाई, म्हणून ही पायधुणी. मार्गदर्शिकेने हे सांगितल्यावर पाच-सहा जणांनी नकळत आपल्या चपलांकडे पाहिले. उमरखाडीला दाखवलेली पाण्याची वाट येथे येऊन पूर्ण होते, आणि तीन तास आपण एका बुजलेल्या खाडीच्या काठाकाठाने चाललो हे ध्यानात येते. अशी आखणी करणाऱ्याला या भागाची जाण आहे, यात शंका नाही.

चहाच्या वेळी प्रत्येकाच्या हातात आठ पानांची रंगीत पुस्तिका देण्यात आली. कागद उत्तम, नकाशा स्वच्छ. मजकूर मराठीत, पण नावे आधी रोमन लिपीत लिहून मग मराठीत आणलेली, आणि आणणारा माणूस नव्हे तर यंत्र असावे. पायधुणीचे ‘पायधोनी’ झाले आहे. उमरखाडीचे ‘उमर खादी’ झाले आहे, म्हणजे खाडी बुजवून तेथे खादी भांडार काढल्यासारखे. ज्या फेरीत नावाचे पोट उघडून अर्थ दाखवायचा, तिच्या पुस्तिकेत हे चालणार नाही. ‘धुणी’तला ‘ण’ आणि उकार घालवला की पाय धुणारा माणूस दिसेनासा होतो. ‘खाडी’तला ‘ड’ गेला की पाणी आटते. दुकानांच्या पाट्यांवर अशी रूपे मी नेहमी पाहतो आणि सोडून देतो. नऊशे रुपये घेऊन नावे समजावणाऱ्यांना सोडता येत नाही. जुन्या सवयीने मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने अकरा दुरुस्त्या केल्या आणि ती प्रत मार्गदर्शिकेच्या हाती दिली. तिने त्या तेथेच वाचल्या, दोन ठिकाणी वाद घातला, त्यांपैकी एका ठिकाणी तिचे बरोबर होते, आणि मला कोरी प्रत बदलून दिली.

पाच ताऱ्यांपैकी मी साडेतीन देईन. मशीद स्थानक, डोंगरी आणि पायधुणी या तीन थांब्यांसाठी पूर्ण गुण. भेंडी बाजारासाठी, म्हणजे ज्याच्या नावावर तिकीट विकले जाते त्याच थांब्यासाठी, अर्धाच. ज्यांचे बालपण गिरगावात किंवा भायखळ्यात गेले आहे त्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे, फेरीचा दर्जा त्यांच्यामुळे वाढतो. रस्त्यावर बसायला कोठेही जागा नाही आणि वाटेत स्वच्छतागृह एकदाच मिळते, हे ध्यानात ठेवून त्यांना न्यावे. पावसाळ्यात पायांत बूट घालू नयेत. मराठी फेरी बारा जणांची नोंदणी झाली तरच निघते आणि रद्द झाल्याचा निरोप रात्री उशिरा येतो, तेव्हा लांबून येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच फोन करून विचारून घ्यावे.